पुण्याचं उसनं पाणी

जुलै महिन्यात पुण्यात घरोघरी एक प्रश्न विचारला जातो: खडकवासला भरलं का? भरलं की वर्षभराची काळजी मिटते आणि पाणीकपात टळते. दौंड तालुक्यात मुळा-मुठेच्या काठी आमच्या मामांची शेती आहे. पावसाळा लागला की त्यांचाही फोन येतो आणि तेही हेच विचारतात. त्यांच्या विचारण्यामागचं कारण मात्र वेगळं आहे. ते शेवटी सांगतो, कारण त्याआधी पुण्याचं पाणी येतं कुठून आणि वापरून झालं की जातं कुठं, हे सांगायला हवं.

यात मी पडलो तो सोसायटीमुळे. कमिटीवर असताना तळघरातल्या सांडपाणी प्रकल्पाची जबाबदारी माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी तिथे नुसते पाइप, टाक्या आणि वास दिसला. ऑपरेटरला विचारत, चुकत, पुन्हा विचारत जे कळलं ते इथे मांडतोय. पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

चार धरणं आणि एक हिशेब

पुण्याचं बहुतेक पाणी चार धरणांतून येतं. मुठेवर टेमघर, मोसे नदीवर वरसगाव, आंबी नदीवर पानशेत, आणि या तिघांचं पाणी खाली जिथे एकत्र येतं तिथे खडकवासला. चौघांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी. त्यात वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला अवघं १.९७. ज्याचं नाव रोज पेपरात असतं ते धरण चौघांत सगळ्यात लहान आहे. वयाने मात्र तेच थोरलं, एकोणिसाव्या शतकातलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकलं नाही आणि अर्धं पुणं पाण्याखाली गेलं. जुनी माणसं अजूनही 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' असा काळ मोजतात.

टीएमसी हा शब्द आपण रोज ऐकतो. हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. एवढ्याने काही कळत नाही, म्हणून असा हिशेब करू. महानगरात माणशी रोज १५० लिटर पाणी पुरेसं आहे असा सरकारी निकष आहे. शहरात ५० लाख माणसं धरली तर रोज ७५ कोटी लिटर लागतात. एक टीएमसी साधारण ३७ दिवस पुरतो. वर्षाला दहा टीएमसीच्या आत भागायला हवं. महापालिका प्रत्यक्षात १८ टीएमसीहून जास्त उचलते.

लोकसंख्या थोडी जास्त धरा, रोज बाहेरून येणारी माणसं धरा, दवाखाने, हॉटेलं, शाळा धरा. तरी हा आकडा जुळत नाही. मधे कुठेतरी पाणी जातंय. कुठं, ते पुढे बघू.

आधी हे लक्षात घ्यायला हवं की ही चार धरणं एकट्या पुण्याची नाहीत. खडकवासल्यातून निघणारा नवा मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटजवळून, हडपसरवरून दौंड आणि इंदापूरकडे जातो. त्याची लांबी २०० किलोमीटरच्या वर आहे. त्यातून शेतीला आवर्तनं, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटतात. शहराने ठरल्यापेक्षा एक टीएमसी जास्त घेतला की तो या आवर्तनांतूनच कापला जातो. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी पुण्याचे आणि ग्रामीण भागाचे आमदार का भांडतात, ते यावरून कळेल.

यावर एक तोडगा काढला गेला. जलसंपदा विभाग आणि महापालिका यांच्यात करार झाला की शहराने ११.५० टीएमसी घ्यावं आणि वापरलेल्या पाण्यापैकी ६.५० टीएमसी शुद्ध करून शेतीसाठी परत द्यावं. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर आपण ती परत करतो. तसंच हे पाणी आहे, उसनं. मला हा करार फार महत्त्वाचा वाटतो, कारण शहर पाणी संपवत नाही, वापरून पुढे पाठवतं, हे त्यात कागदावर मान्य केलेलं आहे. वाटीतून काय परत येतं हा पुढचा प्रश्न.

नळापर्यंत येताना

धरणातून आलेलं पाणी पर्वती, लष्कर, वारजे अशा जलकेंद्रांत शुद्ध होतं. तुरटीने गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरांतून गाळायचं, क्लोरीन घालायचं. ही पद्धत जुनी आहे, भरवशाची आहे आणि पुण्यात ती बऱ्यापैकी नीट चालते. खरी गडबड त्यापुढच्या पाइपांत होते.

शहराखाली किती वयाचे किती पाइप आहेत याचा पूर्ण नकाशा कित्येक वर्षं कुणाकडेच नव्हता. सांधे सैल झालेले, लोखंड गंजलेलं, वर रस्ता खोदून कुणी केबल टाकलेली. पाणी झिरपतं ते जमिनीत जातं, वर दिसत नाही, म्हणून तक्रारही येत नाही. शिवाय मीटर नसलेले नळ. ज्या पाण्याचा हिशेब लागत नाही त्यात गळती आली, चोरी आली आणि साधं न मोजणंही आलं.

पुण्यात पाणी दिवसातून ठरावीक तास येतं. आपल्याला वाटतं, यात पाणी वाचतं. पण पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्यातला दाब जातो. त्याच खड्ड्यात शेजारून ड्रेनेजची लाइन गेलेली असली आणि तीही झिरपत असली तर ते घाण पाणी भेगेतून रिकाम्या पाइपात ओढलं जातं. सकाळी पहिलं पाणी गढूळ येतं त्याचं हे एक कारण. पाइपात चोवीस तास दाब असेल तर भेगेतून पाणी बाहेर जाईल, पण बाहेरची घाण आत येणार नाही. चोवीस तास पाणी म्हणजे चैन, असं मलाही आधी वाटायचं. मुळात ती आरोग्याची गोष्ट आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात असा हा आजार. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो दूषित अन्नपाण्यातून पसरतो. हा सगळा भाग महापालिकेत नव्याने आलेल्या गावांचा. तिथे इमारती आधी उभ्या राहिल्या, पाणी आणि ड्रेनेज मागून येत राहिलं. तेव्हा आमच्या सोसायटीत सगळ्यांनी पाणी उकळून प्यायला सुरुवात केली. चार आठवड्यांनी बहुतेकांनी सोडलं.

गळती शोधायची एक सोपी युक्ती आहे. शहराचे छोटे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाच्या तोंडाशी मीटर बसवायचा. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत असे १४१ भाग पाडले आहेत आणि सुमारे तीन लाख मीटर बसवायचं ठरलं. मग रात्री दोन ते चारच्या दरम्यान तो मीटर बघायचा. त्या वेळी माणसं झोपलेली असतात, नळ बंद असतात. तरीही मीटर जोरात फिरत असेल तर पाणी जमिनीत जातंय.

हे घरच्या पातळीवरही करता येतं. आम्ही एका रात्री अकरा वाजता गच्चीवरच्या टाक्यांत येणारं पाणी बंद केलं, आत पातळीवर खडूने रेघ मारली आणि पहाटे पाचला पुन्हा बघितली. एका टाकीची पातळी वीतभर उतरली होती. त्या विंगमध्ये शोधल्यावर दोन फ्लॅटमधल्या फ्लशच्या टाक्या गळताना सापडल्या. कमोडच्या आतल्या भिंतीवरून पाण्याची बारीक धार सतत चालू होती, आवाज न करता. टपटपणारा नळ ऐकू येतो, माणूस उठून बंद करतो. त्या नळातून दिवसाला पंधरा-वीस लिटर जातात. फ्लशची गळती दिवसाला शेकडो लिटर घेऊन जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही. वॉशर बदलायला किती खर्च आला हे सांगायचीही गरज नाही, इतका कमी होता.

इथे कात्रजची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं. दगडी बांधणीचा हा नळ काही ठिकाणी इतका मोठा की माणूस आत चालत जाऊ शकतो. वरच्या तलावात गाळ बसायचा आणि नितळ पाणी पुढे जायचं. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवलेले, हवा खेळावी आणि साफसफाईसाठी उतरता यावं म्हणून. पंप एकही नाही, सगळं उतारावर. पेठांमधले काळा हौद, बदामी हौद, फडके हौद हे त्या नळाचे नळकोंडाळे. आज फडके हौद चौकात उभं राहणाऱ्या किती जणांना ते नाव पाण्यावरून पडलंय हे माहीत असेल?

मोरीतून पुढे

घरात शंभर लिटर पाणी आलं तर साधारण ऐंशी लिटर मोरीतून, बेसिनमधून, संडासातून बाहेर जातं. हाच ठोकताळा धरून आपल्याकडे ड्रेनेजच्या लाइन आखल्या जातात. म्हणजे शहर जेवढं पाणी उचलतं त्याच्या चार पंचमांश सांडपाणी त्याला हाताळावं लागतं. आणि त्या सांडपाण्यात ९९.९ टक्के पाणीच असतं. विष्ठा, साबण, तेल, भाताचे शितकण, सगळं मिळून राहिलेला एक दशांश टक्का. एवढ्याशा घाणीने नदी काळी कशी होते?

नदीत मासे आणि कीटक जगतात ते पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर. स्वच्छ नदीत, आपल्याकडच्या तापमानाला, लिटरमागे साधारण आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. चारच्या खाली गेला की बहुतेक मासे तगत नाहीत. सांडपाण्यातली घाण म्हणजे जिवाणूंचं जेवण. जेवण पडलं की जिवाणू वाढतात, आणि ते खाताना ते श्वासही घेतात. सगळा ऑक्सिजन त्यांच्या श्वासात संपतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरे जिवाणू पुढे येतात. त्यांच्या जगण्यातून सडक्या अंड्यांसारख्या वासाचा वायू निघतो आणि पाणी काळं पडतं. नदी घाणीने भरली असं आपण म्हणतो, पण खरं तर तिचा श्वास कोंडलेला असतो.

घाण पचवायला जिवाणूंना लिटरमागे किती ऑक्सिजन लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. घरगुती सांडपाण्यात तो साधारण १५० ते २५० मिलिग्रॅम असतो. नदीच्या लिटरभर पाण्यात ऑक्सिजन आठच मिलिग्रॅम. म्हणून एक बादली सांडपाण्याला पचवायला कित्येक बादल्या स्वच्छ नदी लागते, आणि पावसाळा सोडला तर मुठेत एवढी नदीच नसते. धरणाच्या खाली डिसेंबर ते मे मुठेच्या पात्रात जे वाहतं ते बहुतेक शहराचंच सांडपाणी.

सांडपाणी प्रकल्पात काय करतात? नदीत जे व्हायचं तेच, पण टाकीत आणि भरपूर हवा देऊन. आधी जाळ्यांतून पिशव्या, चिंध्या, काड्या अडवायच्या. मग वाळू खाली बसवायची. मग पाणी मोठ्या टाकीत घेऊन खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. जिवाणू ती घाण खातात आणि त्यांचे पुंजके होतात. पुढच्या टाकीत पाणी स्थिर ठेवलं की पुंजके तळाला बसतात आणि वरचं नितळ पाणी काढून घेता येतं.

यातली खरी किमया पुढे आहे. तळाला बसलेल्या त्या गाळातला काही भाग परत पहिल्या टाकीत सोडतात. घरी दही लावताना आपण कालचं चमचाभर दही दुधात घालतो, अगदी तसं. विरजण आहे ते. विरजण घातलं की दूध काही तासांत लागतं, नाहीतर नुसतं नासतं. १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये अर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी हे दाखवून दिलं आणि त्यानंतर जगातल्या कित्येक शहरांचं सांडपाणी याच विरजणावर चाललंय. नव्या प्रकल्पांत हे सगळं एकाच टाकीत पाळीपाळीने करतात: भरा, हवा द्या, थांबा, वरचं काढून घ्या. जागा कमी लागते.

उरलेल्या गाळापासून वायू काढता येतो आणि खतही होतं. हा भाग मी इथे भरभर पुढे नेतो, कारण आपल्याकडे त्याचा पूर्ण उपयोग फार थोड्या ठिकाणी होतो.

नीट चाललेल्या प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी १० च्या आसपास आणता येतो. पण बीओडी गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस काढायला वेगळी तजवीज लागते. ती नसेल तर ते पाण्याबरोबर पुढे जातात. शेतकरी पोत्याने विकत घेतो तीच ही खतं. नदीत पडली की त्यावर जलपर्णी माजते. मुंढव्याच्या पुलावरून उन्हाळ्यात हिरवंगार मैदान दिसतं ती नदी आहे, हे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगावं लागतं.

मग नदी अजून काळी का?

पुण्यात प्रकल्प आहेत. भैरोबा नाला १३० एमएलडी, नायडू ११५, एरंडवणे ५०, मुंढवा ४५, खराडी ४०, विठ्ठलवाडी ३२, बाणेर ३०, बोपोडी १८, तानाजीवाडी १७. एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर. बेरीज ४७७. शहर उचलतं त्याच्या ऐंशी टक्के धरले, म्हणजे वर्षाच्या अठरा टीएमसीच्या हिशेबाने रोज सुमारे अकराशे एमएलडी, तर ही क्षमता तोकडी पडते, हे शाळकरी मूलही सांगेल. २०१६ मध्ये जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ नवे प्रकल्प, ३९६ एमएलडी क्षमतेचे, मंजूर झाले. त्यांच्या जागा, निविदा आणि बांधकाम यांत वर्षांमागून वर्षं गेली.

नुसती क्षमता वाढवून भागत नाही, कारण सांडपाणी प्रकल्पापर्यंत पोचायला हवं. आंबील ओढा, नागझरी, रामनदी, भैरोबा नाला: हे मुळात पावसाच्या पाण्याचे ओढे. आता त्यांतून बारा महिने जे वाहतं ते आपलं. नदीकाठाने मोठ्या वाहिन्या टाकून हे ओढे नदीच्या तोंडाशी अडवायचे आणि पंपाने प्रकल्पाकडे वळवायचे, असा उपाय असतो. वीज गेली, पंप बिघडला किंवा वाहिनी तुंबली की सगळं सरळ नदीत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यांतल्या कित्येक ठिकाणी ड्रेनेजची लाइनच नव्हती. सेप्टिक टँक भरला की टँकर येतो, उपसतो आणि कुठेतरी ओतून येतो. कुठे, हे आपण विचारत नाही.

मोठ्या सोसायट्यांना, २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर, स्वतःचा प्रकल्प बांधावा लागतो. आमचा तसाच. बिल्डरने तो परवान्यासाठी बांधला आणि ताबा देऊन गेला. मी बघायला लागलो तेव्हा ब्लोअर रात्री बंद ठेवत होते, वीजबिल वाचवायला. ब्लोअर म्हणजे हवा देणारं यंत्र, प्रकल्पाच्या विजेतला मोठा वाटा त्याचाच. पण विरजणाला रात्रभर हवा मिळाली नाही तर ते मरायला लागतं. सकाळी वास, मग तक्रारी, मग वासावर उपाय म्हणून आणखी औषधं, आणि त्या औषधांनी उरलेसुरले जिवाणूही गेले. एकदा कुणीतरी पूर्ण पार्किंग ॲसिडने धुऊन काढलं. दोन दिवसांनी टाकीतलं पाणी दुधासारखं पांढुरकं झालं. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, आता दुसऱ्या सोसायटीतून गाळ मागवायला लागेल." विरजण मागायला आपण वाटी घेऊन शेजारी जातो, आम्ही टँकर पाठवला.

आता ब्लोअर चालू असतो. शुद्ध झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला जातं, त्यासाठी वेगळी पाइपलाइन इमारतीत आधीपासून होतीच, फक्त ती कधी चालू केली नव्हती. उन्हाळ्यातले आमचे टँकर निम्म्यावर आले. सुरुवातीला काही घरांनी, विशेषतः ज्येष्ठांनी, 'असलं' पाणी घरात नको म्हणून विरोध केला होता. त्यांची अडचण मला समजते. शिवाशिवीचा, ओवळ्या-सोवळ्याचा संस्कार आपल्यात खोल आहे. त्यांना प्रकल्प दाखवला, पाण्याचा पेला समोर ठेवला, प्यायला हे नाही हे शंभर वेळा सांगितलं. हळूहळू पटलं.

शहराच्या पातळीवर हे किती मोठ्या प्रमाणात करता येतं ते नागपूरने दाखवलंय. भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध झालेलं १३० एमएलडी पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. वीज केंद्राला गार करायला पाणी लागतं, ते पिण्याइतकं शुद्ध असण्याची गरज नसते. पूर्वी त्यासाठी पेंचचं पाणी लागायचं. आता तेवढं पेंचचं पाणी माणसांसाठी आणि शेतीसाठी राहतं, आणि महापालिकेला सांडपाण्याचे पैसेही मिळतात. पुण्याभोवती कारखान्यांची काय कमी आहे? मला वाटतं, पुढच्या दहा वर्षांत पाण्याबाबत पुण्याने एकच मोठं काम करायचं ठरवलं, तर ते हे असावं.

वाटीतून परत काय जातं

मुंढव्याला नदीतून पाणी उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडण्याची योजना आहे. करारातलं साडेसहा टीएमसी परत द्यायची ती वाट. कल्पना उत्तम आहे. नदीत शिरलेल्या पाण्यातला काही भाग शुद्ध न होताच आलेला असतो, म्हणून शेतात पोचतं ते पाणीही तसंच, अर्धं शुद्ध, अर्धं अशुद्ध.

मामांच्या गावात या पाण्याबद्दल दोन मतं आहेत. उसाला खताचा खर्च कमी येतो असं काही जण म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण वर्षानुवर्षं तेच पाणी दिलं की जमीन चोपण होते, मातीचं ढेकूळ फुटत नाही, हेही तेच लोक सांगतात. नदीकाठच्या विहिरी नदीच्याच पाझरावर चालतात. मामांच्या विहिरीचं पाणी त्यांच्या वडिलांनी ओंजळीने प्यायलेलं. आता घरात प्यायला जार येतो. गावात दोन आरओ प्लांट झालेत, वीस लिटरच्या कॅनला पैसे मोजून लोक रांगेत उभे असतात. नदीकाठच्या गावात.

तिथून पुढे मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमेला त्याआधीच तुळापूरला इंद्रायणी मिळालेली असते, तीच इंद्रायणी जिच्यावर आळंदीला फेस तरंगताना दिसतो. हे सगळं उजनीत साठतं. ११७ टीएमसीचं धरण, निम्म्याहून जास्त मृतसाठा. सोलापूर शहर हेच पाणी शुद्ध करून पितं. उजनीतून सोडलेलं पाणी भीमेतून पंढरपूरला पोचतं, आणि तिथे आपण तिला चंद्रभागा म्हणतो. आषाढीला पुण्यातून पालख्या जातात तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभं राहून आपण वारकऱ्यांना पाणी, केळी, राजगिऱ्याचे लाडू देतो. मीही देतो. ते वारकरी पंढरपूरला ज्या नदीत स्नान करतात, तिच्यात आपल्या मोरीतलं पाणीही पोचलेलं असतं.

आता मामांचा फोन.

खडकवासला भरलं की पाटबंधारे खातं मुठेत पाणी सोडतं. पुण्यात भिडे पूल पाण्याखाली जातो आणि लोक फोटो काढायला काठावर येतात. ते पाणी पुढे मामांच्या गावाला पोचतं. बंधाऱ्यामागे आठ महिने साचलेली जलपर्णी त्याच्या जोराने उखडते आणि एका रात्रीत वाहून जाते. पहिले दोन दिवस पाणी काळंच असतं, तळाचा गाळ ढवळून वर येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते मातकट तांबडं होतं, नुसत्या पावसाचं. वास जातो. पोरं गळ घेऊन काठावर येतात. मामा संध्याकाळी बैलं सोडून झाल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात, पाय पाण्यात सोडून.

विसर्ग कमी झाला की पंधरा-वीस दिवसांत हे संपतं. म्हणून ते आधी फोन करून विचारतात, खडकवासला भरलं का, म्हणजे त्या दिवसांत त्यांना गावाबाहेर जायचं काम काढायला नको.